बहात्तर फटक्यांचा धनी

दिवाळीचा फराळ आणि क्रिकेटच्या गप्पा यांची आमच्या घरात जुनी सोयरीक आहे. यंदाही चकलीच्या डब्याभोवती बैठक जमली आणि कोणी किती षटकार मारले याचा हिशेब सुरू झाला. अशा वेळी मी मराठीचा प्राध्यापक असल्याचे निमित्त सांगून चकलीकडेच लक्ष देतो. पण या खेपेला चिरंजीवांनी मोबाइलमध्ये अमेरिकेतल्या बेसबॉलची कसलीशी यादी शोधून काढली आणि मला विचारले, "बाबा, एका मोसमात बहात्तर होम रन मारलेला माणूस पेट्रोल पंप का चालवत होता?"

प्रश्न चकलीपेक्षा खमंग होता. या सदरात मी एरवी पुस्तकांविषयी लिहितो. आज दिवाळीची सूट घेऊन जो बाउमन नावाच्या माणसाविषयी लिहितो.

होम रन म्हणजे आपल्या षटकाराचा चुलतभाऊ. बॅट गोल, सोट्यासारखी. चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो. तो समोरच्या कुंपणापलीकडे टोलवला की फलंदाज चारी तळांना फेरी मारून घरी परततो. क्षेत्ररक्षणात पहिल्या तळावरचे काम मुख्यतः इतरांनी फेकलेले चेंडू झेलण्याचे. तिथे धावपळ बेताची असते, म्हणून ती जागा बहुधा उंच, आडदांड माणसाकडे जाते. त्या मोबदल्यात संघ त्याच्याकडून एकच गोष्ट मागतो: फटके. बाउमन सहा फूट पाच इंच उंच आणि डावखुरा. ओक्लाहोमा राज्यातल्या वेल्च गावी १९२२ साली जन्मलेला हा गडी जणू पहिल्या तळासाठीच घडवलेला होता.

त्या काळी मोठ्या लीगमध्ये अवघे सोळा संघ होते. त्यांच्याखाली धाकट्या लीगांची उतरंड. १९४९ साली अशा लीगा एकोणसाठ होत्या! 'ट्रिपल ए'पासून 'डी'पर्यंत त्यांचे वर्ग पाडलेले असत. खालच्या पायरीवरून वर चढत जायचे, हा सगळ्यांचा ध्यास. युद्धकाळात बाउमनचे चार मोसम नौदलात गेले. परत आल्यावर १९४६ साली अमरिलो गावच्या संघातून त्याने ४८ होम रन मारले, पुढल्या साली ३८. साहजिकच बोस्टनच्या ब्रेव्हज संघाने त्याला आपल्या पंखाखाली घेतले आणि १९४८ साली वरच्या पायरीवर, हार्टफर्डला पाठवले. तिथे मात्र हात चालला नाही. होम रन झाले दहा. पुढच्या मोसमासाठी संघाने कमी पगार देऊ केला.

इथे गोष्टीला खरे वळण आहे. त्या काळचा करार म्हणजे गळ्यातले दावेच होते. मालकाने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसऱ्या व्यावसायिक संघाकडे जाता येत नसे. आपल्याकडच्या कादंबरीतला नायक असता तर त्याने पगारकपात गिळली असती, थंडीत कुडकुडत वर चढला असता आणि शेवटच्या प्रकरणात बोस्टनला पोचला असता. बाउमनने हिशेब केला. लग्न झालेले, वय सव्वीस, आणि वरची पायरी घरखर्चाला पुरत नाही. त्याने नकार कळवला आणि ओक्लाहोमातल्या एल्क सिटी या गावी, करारांच्या जाळ्याबाहेरच्या हौशी-धंदेवाईक संघात तो खेळू लागला. जोडीला पेट्रोल पंप. तीन वर्षे असे चालले.

हे वाचताना मला माझी गोष्ट आठवली. एम. ए. झाल्यावर मुंबईत तासांवरची नोकरी मिळत होती आणि एका तालुक्याच्या गावी कायमची. मी कायमची घेतली. दोन वर्षे भेटेल त्याला मी मुंबई का सोडली याची कारणे सांगत असे. मग लोकांनी विचारणे सोडले. पण मी काही बहात्तर होम रन मारले नाहीत, तेव्हा हे पुराण पुरे.

१९५२ साली बाउमन न्यू मेक्सिकोतल्या आर्टेशिया गावच्या संघात आला. त्या मोसमात पन्नास होम रन, पुढल्या मोसमात त्रेपन्न. १९५४ साली तो शेजारच्या रॉसवेलला गेला आणि तिथेही पेट्रोल पंप चालवू लागला. रॉसवेल म्हणजे १९४७ साली जिथे उडती तबकडी पडल्याची आवई उठली तेच. जगाला हे गाव त्या तबकडीमुळे ठाऊक आहे. मला ते जाळीमुळे आवडले. त्या मुलखात एक प्रथा होती. आपल्या गड्याने होम रन मारला की प्रेक्षक मैदानाच्या तारेच्या जाळीतून डॉलरच्या नोटा पुढे करीत आणि तो जाळीच्या कडेकडेने त्या गोळा करीत जाई. मला हे आधी ओशाळवाणे वाटले. मग आपल्या तमाशातली दौलतजादा आठवली आणि वाटणे थांबले.

तोवर व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका मोसमातला विक्रम होता ६९ चा. तो दोघांच्या नावावर: मिनियापोलिसचा जो हाउझर, १९३३, आणि अमरिलोचा बॉब क्रूझ, १९४८. क्रूझचा एक चेंडू कुंपणापलीकडच्या फलकावर आदळून परत आला आणि पंचाने तो होम रन धरला नाही, असे सांगतात. बाउमनही ६९ वर येऊन अडला. मोसमाचा अखेरचा दिवस, ५ सप्टेंबर १९५४. सामने दोन, आणि तेही आर्टेशियाला, त्याच्याच जुन्या गावी. जास्तीत जास्त वेळा बॅट हाती यावी म्हणून त्याला सगळ्यांत आधी खेळायला पाठवले. पहिल्या सामन्याच्या पहिल्याच डावात सत्तरावा गेला. दुसऱ्या सामन्यात आणखी दोन. मोसमाअखेर १३८ सामने, ७२ होम रन, सरासरी .४००. मोठ्या लीगमधला बेब रूथचा विक्रम तेव्हा साठाचा होता.

यावर जाणकारांची कुरकुर ठरलेली. रॉसवेल समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांवर. हवा विरळ आणि कोरडी, चेंडू लांब जातो. वर्ग 'सी', म्हणजे शेवटून दुसरा, गोलंदाज कच्चे. सगळे खरे. पण तीच हवा आणि तेच गोलंदाज त्या लीगमधल्या प्रत्येक फलंदाजाला मिळत होते, आणि बहात्तरपर्यंत एकच जण गेला. उलट, तो वर गेला असता तर काय झाले असते हे मात्र कोणालाच सांगता यायचे नाही. बत्तीस वर्षांच्या पहिल्या तळवाल्याला मोठ्या लीगकडून बोलावणे आले नाही. १९५६ पर्यंत तो खेळला; एकूण होम रन ३३७, सगळे धाकट्या लीगांतले.

त्याचा आकडा २००१ पर्यंत टिकला. त्या साली बॅरी बाँड्सने मोठ्या लीगमध्ये ७३ मारले, तेव्हा वार्ताहर एकदम रॉसवेलची वाट विचारू लागले. ऑगस्ट २००५ मध्ये गावाने मैदानाला बाउमनचे नाव दिले. त्याच समारंभात म्हातारा पडला, हाड मोडले, आणि २० सप्टेंबरला त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला. सत्कार अंगावर येणे ते हेच.

धाकट्या लीगांतल्या सर्वांत जास्त होम रन मारणाऱ्याला २००२ पासून बाउमनच्या नावे बक्षीस देऊ लागले, होम रनमागे दोनशे डॉलर. २००४ साली ते ४६ फटक्यांसाठी रायन हॉवर्डला मिळाले. तोही पहिल्या तळाचाच. दोनच वर्षांनी त्याने फिलाडेल्फियाकडून मोठ्या लीगमध्ये ५८ मारले.

एवढे ऐकून चिरंजीवांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बाउमनला स्वतःचेच बक्षीस मिळाले असते, तर चौदा हजार चारशे डॉलर!"

"त्याला जाळीतून मिळाले होते," मी म्हणालो.

"आणि घरी येऊन ते कुणाच्या हातात द्यायचा?" सौभाग्यवतींनी आतून विचारले. तेवढे मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही.