एका दिव्याचे पैसे किती वेळा?

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. मालमत्ता कराची बिलं मात्र २०२१ मध्ये घरोघर पोचली, तीही २०१६ पासूनची बाकी धरून. मधल्या काळात खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा इथले रहिवासी सिडकोला सेवा शुल्क भरत होते. मग एकाच दिव्याचे पैसे दोनदा का भरायचे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. मोर्चे निघाले, काही रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. इकडे बाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत राहिली आणि पुढे तीच कमी करायला 'अभय योजना' आली.

या वसाहतींत, विशेषतः तळोज्यात, आपली अनेक कुटुंबं राहतात. मुंबईत घर परवडलं नाही किंवा मिळालं नाही, म्हणून इकडे आलेली. त्यामुळे हा वाद आपलाही आहे. पण 'कर भरणार नाही' एवढ्यावर तो सोडून देणं मला पटत नाही.

मराठीत महापालिकेच्या नाक्यावर होणाऱ्या वसुलीला पिढ्यान्‌पिढ्या 'जकात' म्हटलं गेलं. शब्द आपल्या जकातचाच, अरबीतून आलेला. नाक्यावरची जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि महापालिकांच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते मुख्यतः मालमत्ता कराचं. आपल्या जकातची एक शिस्त आहे: ती कुठे खर्च करायची याचे आठ मार्ग कुरआनने ठरवून दिलेत. गोळा करणाऱ्याच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही. करदाता म्हणून आपण महापालिकेकडे हीच शिस्त का मागू नये?

आपलं बिल एकदा नीट वाचा. साधारण कराखेरीज मलनिःसारण, पथ, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण अशा वेगवेगळ्या ओळी त्यात असतात. झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि रस्त्यांवरचे दिवे ही कामं स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे दिवा आणि झाड ही कोणा नगरसेवकाची मेहेरबानी नाही. त्याचे पैसे आपण भरलेले असतात. भाडेकरूही भरतो, कारण घरमालक तो खर्च भाड्यात धरतोच. फक्त बिलावर त्याचं नाव नसतं.

कॅलिफोर्नियात यासाठी वेगळी पद्धत आहे. तिथल्या १९७२ च्या कायद्यानुसार एखाद्या भागातले दिवे आणि हिरवळ यांचा खर्च त्याच भागातल्या मालमत्तांवर आकारता येतो. १९९६ पासून त्यासाठी मालकांना मतपत्रिका पाठवावी लागते. विरोधाची मतं जास्त झाली तर आकारणी रद्द. हिशेब स्वच्छ राहतो, हे खरं. पण मताचं वजन आकारणीच्या रकमेवर ठरतं. ज्याची मालमत्ता मोठी त्याचं मत जड, आणि भाड्याने राहणाऱ्याला सहसा मतच नाही.

ही पद्धत जशीच्या तशी नवी मुंबईत आणली तर पाम बीच रोड आणखी झगमगेल आणि दिघा, तुर्भ्याच्या वस्त्या अंधारातच राहतील. रात्रपाळीहून परतणारी नर्स किंवा क्लासहून घरी चाललेली मुलगी ज्या रस्त्याने जाते, तिथला दिवा त्या रस्त्यावरच्या घरांच्या किमतीवर ठरू नये. म्हणून पैसा सगळ्या शहराचा एकत्रच असावा, असं मला वाटतं. हिशेब मात्र विभागवार मांडला जावा. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा या आठ विभागांत दिव्यांवर आणि झाडांवर किती खर्च झाला, हे एका तक्त्यात मांडणं अवघड नाही. मी रोज सॉफ्टवेअरच लिहितो. विजेची बिलं भरली जातात, ठेकेदारांना पैसे दिले जातात, म्हणजे आकडे कुठेतरी नोंदलेले आहेतच.

नवी मुंबई महापालिकेने दोन दशकांहून अधिक काळ मालमत्ता कराचे दर वाढवलेले नाहीत, आणि निवडणुकीत हे अभिमानाने सांगितलं जातं. स्वस्त कर कोणाला नको? पण दर किती एवढंच विचारत राहिलो तर त्या पैशाचं काय झालं हे विचारायचं राहून जातं. २०२० मध्ये मुदत संपल्यावर कित्येक वर्षं इथे प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात हे विचारायला सभागृहात निवडलेलं माणूसही नव्हतं.

आपल्या घरातलंही एक सांगतो. केवळ इबादतीसाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंना, मग ती मस्जिद असो, मंदिर असो की चर्च, कायदा साधारण करातून सूट देतो. ही सूट साधारण करापुरती आहे. बाकीच्या ओळी मस्जिद ट्रस्टने वेळेवर भराव्यात आणि पावती नमाजींना दिसेल अशी फलकावर लावावी. आपला हिशेब उघडा असेल तर दुसऱ्याचा मागताना आवाज खाली येत नाही.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं आपल्याकडे सदका मानलं जातं. अंधार हीसुद्धा त्रासदायक वस्तूच आहे. इशाच्या नमाजनंतर चार मित्रांनी आठवडाभर मोहल्ल्यात फिरून बंद दिव्यांच्या खांबांचे नंबर टिपा आणि विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. त्याचबरोबर माहिती अधिकारात एक अर्ज करा: आपल्या विभागात मागच्या वर्षी दिव्यांवर किती आणि झाडांवर किती खर्च झाला? अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे. या अर्जावर मात्र भाडेकरूचंही नाव चालतं.