येतं भरभर, जातं हळूहळू



आज सुरुवातीलाच एक कबुली देते. चूक माझी आहे, मुलांची नाही.

आमच्या चौथीच्या मुलांना मी गोष्ट सांगतानाचा व्हिडिओ पाठवायला सांगितला होता. रात्री आठपर्यंतची वेळ. एका मुलीचा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, लई वेळ पाठवत होते, पण जातच नव्हता. नुसतं गोल गोल फिरत होतं." आदल्या संध्याकाळी तिच्या घरावरून जाताना मी मोबाईलवर क्रिकेटची मॅच झकास चाललेली पाहिली होती. मी भर वर्गात म्हणाले, "मॅच बघायला नेट असतं, आणि व्हिडिओ पाठवायलाच नसतं होय गं?" सगळी हसली. ती मान खाली घालून बसली.

मला चैन पडेना. शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या वस्तीवर गेले आणि त्याच मोबाईलवर नेटचा वेग मोजला. दोन आकडे आले. डाउनलोड, म्हणजे आपल्याकडे येण्याचा वेग २०. आणि अपलोड, म्हणजे आपल्याकडून जाण्याचा वेग? फक्त ०.५! पोरगी खरं बोलत होती.

एकाच नेटचे दोन वेग कसे? सांगते. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाची मोठी जत्रा भरते. समजा, तिथल्या गर्दीत एक पोरगं चुकलं. कर्ण्यावरून त्याच्या नावाचा पुकारा झाला, तर तो त्याला लांबूनही ऐकू येईल. पण त्यानं बेंबीच्या देठापासून ओरडून "मी इथं आहे" म्हटलं, तर पुकारणाऱ्याला ऐकू जाईल का? टॉवर म्हणजे तो कर्णा. त्याची ताकद कित्येक वॅट. आपल्या मोबाईलची मात्र पाव वॅटसुद्धा नाही! टॉवरपासून वस्ती जितकी लांब, तितका मोबाईलचा आवाज क्षीण. शिवाय लोक नेटवर बघतात जास्त आणि पाठवतात कमी. म्हणून यायची वाट रुंद ठेवतात आणि जायची अरुंद.

आता हा वेग मोजतात कसा? नळाखाली कळशी ठेवायची आणि ती किती सेकंदांत भरते ते बघायचं, तसाच. वेग मोजणारं ॲप काही सेकंद निरर्थक माहिती दूरच्या एका संगणकाकडे पाठवत राहतं. तितक्या वेळात किती माहिती पोचली, त्याला सेकंदांनी भागलं की झाला अपलोडचा वेग! तो 'एमबीपीएस'मध्ये सांगतात, म्हणजे दर सेकंदाला इतके मेगाबिट. दूरसंचार नियामक 'ट्राय'नं २०१६ मध्ये अशा मोजणीसाठी 'मायस्पीड' नावाचं ॲप काढलं.

इथं एक गोची आहे बरं का! वेग मेगाबिटमध्ये असतो, पण व्हिडिओचा आकार मेगाबाइटमध्ये. आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. त्या मुलीचा व्हिडिओ होता ६० मेगाबाइटचा. चला, गणित करू.

६० × ८ = ४८० मेगाबिट
यायला : ४८० ÷ २० = २४ सेकंद
जायला : ४८० ÷ ०.५ = ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं!

तेवढ्यात एकदा जरी रेंज गेली, तरी बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात. आता सांगा, तिनं काय करावं?

गंमत म्हणजे आपल्या देशात २०२३ मध्ये 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचं याची नवी व्याख्या झाली. किमान २ एमबीपीएस, पण तोही डाउनलोडचाच. अमेरिकेनं २०२४ मध्ये डाउनलोड १०० आणि अपलोड २० असे दोन्ही आकडे ठरवले. जाण्याचा वेग काय फक्त हौसेसाठी लागतो? २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्याला पिकाचा फोटो मोबाईलवरून पाठवावा लागतो. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा कितीतरी मुलांना शिक्षकांचं बोलणं ऐकू यायचं, पण त्यांचं उत्तर शिक्षकांपर्यंत पोचायचं नाही.

आता एक प्रयोग करा. घरच्यांना विचारून पहाटे, दुपारी आणि रात्री असा तीनदा वेग मोजा. फार वेळा नको, मोजणीतही डेटा संपतो! म्हैसाळ योजनेचं आवर्तन सुटलं की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि शेवटच्या रानाला पाणी कमी पडतं. नेटचंही रात्री तसंच होतं. मग घरात, अंगणात आणि गच्चीवर मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. पाठवायचं काही असेल, तर जिथं आणि जेव्हा अपलोड जास्त, तिथून तेव्हाच पाठवा. व्हिडिओचा दर्जा थोडा कमी ठेवला, तर तो लहान होतो आणि लवकर जातो.

सोमवारी मी फळ्यावर वरचं गणित मांडलं आणि म्हणाले, "हिचं खरं होतं, मी चुकले." भर वर्गात हसू केलं होतं, तेव्हा माफीही भर वर्गातच मागायला हवी ना? मग तिनं ती गोष्ट सगळ्यांसमोर उभं राहून सांगितली. आणि खरं सांगू? व्हिडिओपेक्षा ती तशीच जास्त रंगली!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई