भार आणि गर्भारपण

गर्भवतीने जड उचलू नये, हा आपल्या घराघरांतला हुकूम इतका जुना आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आणि तरीही बांधकामावर आठव्या महिन्यात विटांची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईला मात्र तो हुकूम कोणी ऐकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वैद्यकशास्त्रही एके काळी असेच बिचकत होते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या अग्रगण्य संस्थेने 1985 साली गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ नयेत असा दंडक घातला, तो 1994 साली मागे घेतला. आणि 2020 साली तर जागतिक आरोग्य संघटनेने, प्रकृतीची काही आडकाठी नसलेल्या गर्भवतीने आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा व त्यात स्नायूंना बळ देणारे प्रकारही असावेत, अशी स्पष्ट शिफारस केली.

माझी भाची सातव्या महिन्यात, डॉक्टरांच्या संमतीने, पाठ टेकून खुर्चीत बसते आणि दोन-दोन किलोंची डंबेल्स वर नेताना तोंडाने सावकाश श्वास सोडते. कारण श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाब आणि पोटातला दाब एकाएकी चढतो. उताणे पडून करावयाचे प्रकार तिने केव्हाच सोडले, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. वार खाली असेल, रक्तदाब वाढला असेल, रक्तस्राव होत असेल किंवा अंगावरून पाणी जात असेल, तर या व्यायामास मज्जावच हवा. तीव्र रक्तक्षयातही तोच नियम. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या असल्याने, आधी हिमोग्लोबिन तपासून घेणे अगत्याचे आहे.

भाचीचे वजन, वेळ आणि विश्रांती तिच्या स्वाधीन आहेत. पाटी वाहणारीचे तिन्ही मुकादमाच्या मर्जीवर, आणि माझ्या मते धोका भारापेक्षा या पराधीनतेतच अधिक आहे. प्रसूतिलाभाच्या कायद्यात, गर्भवतीने विनंती केल्यास प्रसूतीपूर्वीच्या ठराविक काळात तिला कष्टाचे काम देऊ नये, अशी तरतूद आहे. पण रोज सकाळी मजूरनाक्यावर उभे राहून नवा मालक शोधणाऱ्या बाईने ही विनंती कोणाकडे करावी, याची तजवीज सरकारने प्रथम केली पाहिजे.