वेडा कोणी ठरवला?

पाथर्डीच्या स्टँडवरून नगरची एसटी धरली की तिसगाव, करंजी, मग घाट आणि पुढं नगर. क्लास, पुस्तकं, फार तर कापडबाजार. आपला दिवस तिथंच संपतो. भुईकोट किल्ल्यात कुणी गेलंच, तर नेहरूंची खोली बघून, दोन फोटो काढून परत. 1942 पासून नेहरू तिथं कैदेत होते, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या साठेक वर्षं आधी त्याच किल्ल्यात आपल्याच वयाचा एक राजा ठेवला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलंय?

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी. जन्म 1863 चा. 1870 मध्ये राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले आणि पुढच्या वर्षी सावंत-भोसल्यांच्या घरातला हा मुलगा दत्तक आला. आठ वर्षांचा छत्रपती! गादी त्याची, कारभार मात्र इंग्रजांच्या देखरेखीखाली. पुढं इंग्रजांनी ठरवलं, महाराज वेडे आहेत. त्यांना नगरच्या किल्ल्यात आणलं, सोबतीला गोरे पहारेकरी दिले. 25 डिसेंबर 1883 रोजी ग्रीन नावाच्या सोल्जरशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय वर्षं वीस. म्हणजे आपल्या वर्गात एस.वाय.-टी.वाय.ला बसला असता, एवढा पोरगा.

आता कुणी म्हणेल, खरंच आजारी असतील तर? असू देत ना! आजारी माणसाला डॉक्टर लागतो, घरची माणसं लागतात. किल्ला आणि सोल्जर कशाला? मला तर वाटतं, 'वेडा' हा शब्द फार सोयीचा आहे. एकदा तो चिकटला की त्या माणसाचं पुढचं काहीच ऐकावं लागत नाही. तो ओरडला तरी वेडा, गप्प बसला तरी वेडा. छत्रपतींच्या गादीवरच्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

तेव्हा याविरुद्ध आवाज उठवला तो दोन तरुणांनी. टिळक आणि आगरकर, दोघंही पंचवीस-सव्वीस वर्षांचे. 'केसरी' सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरचे कारभारी बर्वे महाराजांचा छळ करतात, असं त्यांनी छापलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आणि ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं होतं, ती निघाली बनावट! दोघांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते सुटले.

पत्रकारिता शिकताना ही गोष्ट मला रोज टोचते. कळकळ खरी होती, कागद खोटे निघाले. महाराजांच्या बाजूनं बोलणारेच आरोपी ठरले, आणि पुढच्या वर्षी महाराजही गेले. न्यायाच्या बाजूनं बोलायचं असेल, तर पुरावा दुप्पट तपासावा लागतो. ग्रुपवर आलेलं 'जरूर शेअर करा' पुढं ढकलताना एवढं तरी आठवू या.

महाराजांच्या मागं 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच राजर्षी शाहू. त्यांची जयंती आपण जोरात करतो, आणि करायलाच हवी. पण त्यांच्या आधीच्या छत्रपतींची समाधी आपल्या नगरातच आहे, तिथं आपल्यातलं कोण जातं?

पुढच्या वेळी नगरला गेलात की परतीची एक एसटी सोडा आणि समाधीवर जाऊन या. आणि होस्टेलवर एखादा पोरगा महिनाभर गप्प गप्प असेल, तर त्याला 'येडं झालंय' म्हणून हसण्याआधी शेजारी जाऊन बसा. विचारा, काय झालं रे?

त्या किल्ल्यात हे विचारणारं आपलं माणूस जवळ नव्हतं.