स्वस्त शहर, महाग संसार

घरी बसून नोकरी करता येते हे कळल्यापासून आमच्या वयाच्या लोकांना एक नवा छंद लागला आहे. नकाशावर कुठंतरी बोट ठेवायचं आणि 'इथं महिन्याला किती लागतील?' हे शोधायचं. व्हिएतनाम झालं, जॉर्जिया झालं, पोर्तुगाल तर आता जुनं झालं. आमच्या घरात हे बोट गेले तीन महिने क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिएनफुएगोस या शहरावर आहे, आणि ते छंद म्हणून नाही. माझी पत्नी साखर तंत्रज्ञ आहे. तिला तिथल्या एका प्रकल्पात दोन वर्षं काम करण्याची संधी आली आहे. तिच्या एकटीच्या खोलीची सोय प्रकल्पाकडून होईल. कुटुंब न्यायचं असेल तर घर, जेवणखाण, शाळा सगळं आपलं आपण बघायचं. तेव्हा मंडळी, या महिन्याचं सदर आमच्याच घरच्या हिशेबाचं.

आधी गावाची ओळख. हवानापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, हागुआ उपसागराच्या काठी हे बंदर आहे. 1819 साली फ्रेंच वसाहतकऱ्यांनी वसवलं. सरळ आखलेले रस्ते आणि खांबांच्या ओसऱ्या असलेली घरं यांमुळे शहराचा जुना भाग 2005 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. गावात फिरायला सायकलरिक्षा आहेत आणि घोडागाड्याही, त्याही पर्यटकांसाठी नव्हे, रोजच्या प्रवाशांसाठी. हे बंदर साखरेवर मोठं झालं. 1990 च्या आसपास क्युबा वर्षाला 80 लाख टन साखर करत होता. 2002 मध्ये देशातल्या 156 कारखान्यांपैकी जवळपास निम्मे बंद करायचं ठरलं. 2022-23 च्या हंगामात उत्पादन साडेतीन लाख टनांवर आलं, आणि 2024-25 च्या हंगामात तर दीड लाखाच्याही खाली. आपल्या सीमाभागातला एकेक मोठा कारखाना हंगामात लाखभर टन साखर काढतो, हे ज्यांच्या घरात ऊस आहे त्यांना सांगायला नको. डिझेल नाही, खत नाही, यंत्राचे सुटे भाग नाहीत. पत्नी म्हणते, "चालू कारखाना कुणीही चालवील. बंद पडत आलेला कसा वाचवायचा, ते तिथं शिकायला मिळेल."

मी बीई झाल्यापासून आकड्यांवर पोट भरतो, त्यामुळे पहिली तक्ता मांडायची हौस माझी. पहिल्याच रकान्यात अडलो. क्युबात पैशाचा भाव एक नाही. 1 जानेवारी 2021 ला तिथली दोन चलनांची पद्धत बंद झाली आणि डॉलरचा सरकारी दर 24 पेसो ठरला. ऑगस्ट 2022 पासून सामान्य माणसासाठी सरकारी विनिमय केंद्रात 120 पेसोचा दर आला. आणि रस्त्यावर 2025 मध्ये एका डॉलरला 400 पेसोंच्या वर मिळू लागले. आता 2021 मध्ये ठरलेलं किमान वेतन घ्या, महिन्याला 2100 पेसो. पहिल्या दराने ते 87 डॉलर होतं, दुसऱ्या दराने साडेसतरा, तिसऱ्या दराने पाच. पाच डॉलर म्हणजे आपले साडेचारशे रुपये. 'क्युबा स्वस्त आहे का?' असं कुणी विचारलं, तर आधी 'कुठल्या दराने?' असं उलट विचारावं लागतं.

बरं, डॉलर घेऊन जाणाऱ्याला तरी स्वस्त आहे का? दोन उदाहरणं देतो. 2024 मध्ये खासगी दुकानात 30 अंड्यांचा ट्रे सुमारे 3000 पेसोंना होता, म्हणजे त्या वेळच्या रस्त्यावरच्या दरानेही नऊ-दहा डॉलर. आपल्याकडे तेवढी अंडी दोनशे-सव्वादोनशे रुपयांत येतात. दुसरं घराचं. तात्पुरतं राहणाऱ्या परदेशी कुटुंबाला तिथं घर विकत घेता येत नाही. राहायचं ते परवाना असलेल्या खासगी घरात, ज्याला 'कासा पार्तिकुलार' म्हणतात. दारावर नांगरासारखं निळं चिन्ह असतं. एका खोलीला रात्रीचे साधारण 20 ते 30 डॉलर पडतात. महिन्याच्या मुक्कामाला घासाघीस होईल, निम्म्यावर येईल असं धरा. तरी एका खोलीच्या त्या पैशात टिळकवाडीत दोन बेडरूमचं घर मिळेल.

पण हे सगळं फार तर पैशाचं झालं. पैसे थोडे जास्त लागतील, लावू. खरी अडचण तक्त्याच्या त्या ओळींत होती, जिथं किंमत लिहायलाच जागा नव्हती.

पहिली ओळ विजेची. 18 ऑक्टोबर 2024 ला मातान्सासचं मोठं वीज केंद्र बंद पडलं आणि अख्खा देश अंधारात गेला. त्याला वर्षही झालं नव्हतं आणि 10 सप्टेंबर 2025 ला पाचव्यांदा देशभर वीज गेली. हे मोठे प्रसंग झाले. एरवीही हवानाबाहेरच्या प्रांतांत दिवसाला दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त वीज नसते. लोडशेडिंग आपणही भोगलंय, पण तिथं विजेबरोबर पाण्याचा पंप थांबतो, आणि गॅसची टंचाई असल्याने विजेवरचा स्वयंपाकही थांबतो. रात्री दोनला वीज आली की बायका उठून भात शिजवतात, पाणी भरतात. आमचे चिरंजीव पाच वर्षांचे आहेत आणि थंडीत त्यांना नेब्युलायझर लागतो. ही ओळ मी तिथंच लाल केली.

दुसरी ओळ इंटरनेटची, म्हणजे माझ्या नोकरीची. मोबाईल डेटा तिथं डिसेंबर 2018 मध्ये आला. 30 मे 2025 पासून पेसोंत महिन्याला फक्त 360 चं रिचार्ज करता येऊ लागलं, त्यात 6 जीबी मिळायचे. वर 3 जीबी हवे असतील तर 3360 पेसो, किमान वेतनाच्या दीडपटीहून जास्त! विद्यापीठातल्या मुलांनी यावर उघड आवाज उठवला. आपल्या सकाळी दहाच्या मीटिंगला तिथं हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, तेही मी जमवलं असतं. पण माझ्या कामाचा ग्राहक अमेरिकी आहे आणि क्युबावर अमेरिकेचे निर्बंध 1962 पासून आहेत. तिथून लॉगिन करायला करारातच मनाई. म्हणजे गेलो तर घरातला एक पगार बंद.

तिसरी ओळ आईची. तिला रक्तदाब आणि साखर, दोन्हीच्या गोळ्या रोज लागतात. क्युबातले डॉक्टर नावाजलेले आहेत, 1984 पासून तिथं वस्तीवस्तीत फॅमिली डॉक्टरची व्यवस्था आहे. आज डॉक्टर तपासतील, चिठ्ठीही लिहून देतील, पण औषध दुकानाचं फळीवरचं खोकं रिकामं असण्याची शक्यता जास्त. म्हणूनच 2021 मध्ये प्रवाशांनी सोबत आणलेल्या औषधांना आणि खाण्याच्या वस्तूंना सरकारने आयातशुल्क माफ केलं. पण आईच्या दोन वर्षांच्या गोळ्या बॅगेत भरून नेणं काही शहाणपणाचं नाही.

आता ती गोष्ट, जी मला तक्त्यात कुठं घालावी ते कळेना. तिथल्या लोकांना 1962 पासून रेशनचं पुस्तक आहे, त्याला 'लिब्रेता' म्हणतात. दुकानाला बोदेगा. तांदूळ, साखर, डाळ-घेवडा आणि माणशी रोज एक पाव. हा पाव 80 ग्रॅमचा होता, सप्टेंबर 2024 मध्ये 60 ग्रॅमचा केला. सात वर्षांपर्यंतच्या मुलांना दुधाची पावडर मिळायची, 2024 च्या सुरुवातीला तीही कमी पडली आणि सरकारला जागतिक अन्न कार्यक्रमाकडे मदत मागावी लागली. आम्हाला ते पुस्तक मिळणार नाही. आम्ही डॉलर देऊन खासगी दुकानातून दूध आणू. शेजारची आजी तिच्या पेन्शनमध्ये ते आणू शकणार नाही. किमान पेन्शन सप्टेंबर 2025 मध्ये दुप्पट झाली, ती झाली 3056 पेसो. म्हणजे 2024 मधला अंड्यांचा एक ट्रे. आपल्याला जे 'स्वस्त' वाटतं, ते बऱ्याचदा शेजाऱ्याचा पगार लहान असल्यामुळे असतं. घर झाडणारी बाई, टांगेवाला, शिकवणीचे मास्तर परवडतात, ते याच कारणाने. तिथं राहायचं तर हे रोज डोळ्यांसमोर ठेवून राहावं लागेल.

आणि ती माणसं तरी तिथं राहतायत का? 2022 आणि 2023 या दोन वर्षांत दहा लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. लोकसंख्या एक कोटीच्या खाली आली आहे. तरुण गेले, आजी-आजोबा घर राखतायत. हे चित्र आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्या गल्लीत अशी किती घरं आहेत, जिथं दिवाळीचे चार दिवस सोडले तर दोनच माणसं असतात, ते मोजून पाहा.

एवढं सगळं मांडल्यावर मी पत्नीला म्हटलं, "हिशेब बसत नाही." ती शांतपणे म्हणाली, "तुमचा हिशेब चौघांचा आहे, तो बसत नाही. माझ्या एकटीचा करून बघा की." केला. एकटीला खोली आहे, दुपारचं जेवण आहे. भात आणि काळा घेवडा हे तिथलं रोजचं अन्न, त्यात जिरं-लसूणही असतं. म्हणजे आपल्या जिभेला फार लांबचं नाही. तिचं काम लॅपटॉपवर अवलंबून नाही, कारखान्यात आहे. ऊस गाळपाचा हंगाम, ज्याला तिथं 'साफ्रा' म्हणतात, डिसेंबर ते मे. प्रकल्पाला विचारलं. दोन वर्षं सलग नको, दोन हंगाम आली तरी चालेल, असं उत्तर आलं.

मग प्रश्न राहिला घरचा. बाई परदेशी आणि बाप्या पोराजवळ, हे आमच्या नात्यात पहिल्यांदाच. मी विषय काढायच्या आधी आईनेच निकाल दिला. "तू जा गं. पोराला मी बघतो. आणि ह्याला कुकर लावायला येतोय की नाही तेबी बघतो." बेळगावच्या बायका आयुष्यभर 'मी करतो, मी बघतो' म्हणत आल्यात, ते उगाच नाही.

तर आमचं ठरलं असं. संसार हलणार नाही, माणूस जाईल. डिसेंबरात ती निघेल, मेअखेर परत येईल, आणि मग पुढच्या हंगामाचं बघू.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा बेत चालू असेल, मग तो क्युबा असो की दुसरा कुठला देश, तर भाड्याच्या आणि भाजीच्या आकड्यांआधी चार प्रश्न कागदावर लिहा. पैसे बदलून मिळतात ते कायद्याने कुठल्या दराने? पैसे देऊनही कुठल्या गोष्टी मिळत नाहीत? त्या न मिळाल्याचा त्रास घरातल्या नेमक्या कोणाला होईल? आणि सगळ्यांनीच जायला हवं का? या चौथ्या प्रश्नाने आमचं काम झालं, कारण तो आम्ही पहिले दोन महिने विचारलाच नव्हता.

सध्या घरात बॅगेची यादी चालू आहे. उन्हावर चार्ज होणारा दिवा, पॉवर बँक, ताप-जुलाबाची औषधं, हळद, गोडा मसाला. चिरंजीवांनी स्वतःहून एक वस्तू वाढवली आहे. तिथल्या मुलांसाठी दुधाच्या पावडरीची दोन पाकिटं. वजनात बसतायत.