मागच्या खोलीत नेट का पोचत नाही?

किल्लारीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. बी.कॉम. झालेल्या या सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचे हिशेबाचे काम घरी बसून लॅपटॉपवर करतात. पगार वेळेवर येतो, घरच्यांचीही हरकत नाही. अडचण एकच. नेटचा डबा बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या मागे, आणि यांची कामाची जागा मागच्या खोलीत. सकाळी दहाला व्हिडिओवर बैठक सुरू झाली की आवाज तुटतो, चित्र थिजते. वरिष्ठांनी दोनदा बजावले आहे की नेट सुधारा, नाहीतर पुण्याला येऊन बसा. यजमान म्हणतात, मोठा प्लॅन घेऊ. सासूबाई म्हणतात, "एवढा जीव कशाला काढायचा? सोड की ते काम!" आता काय करावे, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, काम सोडू नका, आणि मोठा प्लॅनही इतक्यात घेऊ नका. असा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून उत्तर सगळ्याच मैत्रिणींसाठी सविस्तर देत आहे.

आधी थोडा हिशेब करू. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात नवी गावठाणे वसली, तेव्हा जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. चारशे फुटांचे घर म्हणजे साधारण वीस फूट लांब, वीस फूट रुंद. पुढे कुणी मागे एक खोली वाढवली, कुणी पुढे पडवी काढली, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-पस्तीस फूट. मोकळ्या जागेत साध्यातल्या साध्या वायफायच्या डब्याला एवढे अंतर काहीच नाही. मग नेट मागच्या खोलीत का पोचत नाही? कारण आड येते ते अंतर नव्हे, मध्ये उभ्या असलेल्या वस्तू. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे निम्मे काम झाले.

दोष कुठे आहे, ते आधी पाहा

भाजी खारट झाली तर मीठ जास्त पडले की पाणी कमी, हे आपण आधी बघतो. इथेही तसेच. लॅपटॉप घेऊन डब्यापासून चार फुटांवर बसा आणि नेटचा वेग मोजा. वेग मोजण्याची सोय फुकट मिळते. मग तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन पुन्हा मोजा. सकाळी, कामाच्या वेळी आणि रात्री असे तीनदा करा आणि आकडे वहीत लिहून ठेवा.

डब्याजवळच वेग कमी असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या तारेत किंवा कंपनीकडे आहे. फायबरच्या डब्यावर 'एल.ओ.एस.' असे लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेरची तार तुटली किंवा मुडपली आहे. तिथे आपले कौशल्य चालत नाही, तक्रार नोंदवावी. पण डब्याजवळ वेग भरपूर आणि मागच्या खोलीत तोळाभर, असे दिसले तर दोष घरातच आहे, आणि तो बहुधा फार खर्चाविना दूर होतो.

मोठ्या प्लॅनने काय होईल, हेही इथेच कळते. व्हिडिओच्या बैठकीला तीन-चार एमबीपीएस वेग पुरेसा होतो. तुमचा प्लॅन पन्नासचा किंवा शंभरचा असेल तर पुढच्या खोलीत पाणी भरून वाहते आहे, मागच्या नळाला मात्र धार नाही. टाकी मोठी केल्याने नळ मोकळा होत नाही.

भिंती आणि पत्रे

वायफाय म्हणजे बिनतारी लहरी, रेडिओच्याच जातीच्या. लाकडी दार, पडदा, काच यांतून त्या सहज जातात. विटेच्या भिंतीत थोड्या अडतात, काँक्रीटमध्ये अधिक, कारण आत लोखंडी सळया असतात. पत्र्यातून आणि पोलादी कपाटातून तर जातच नाहीत, आपटून परत फिरतात. पाणीही त्यांना शोषून घेते, म्हणून भरलेला पिंप किंवा टाकी वाटेत आली की गेलेच.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, त्या भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड माळवदच अंगावर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दिवसांत संपर्क तुटला असताना हौशी हॅम रेडिओवाल्यांनी बिनतारी निरोप पोचवले होते. त्यानंतर या भागात माणसांना जड छपराची धास्ती बसली. वाढीव खोल्यांवर हलका पत्रा आला, नव्या घरांच्या भिंतींत काँक्रीटचे पट्टे आले. जिवाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. नेटच्या दृष्टीने मात्र लोखंड आणि पत्रा दोन्ही आडवे येतात. ज्यांचे घर अजून जुन्या दगडी भिंतींचे आहे, त्यांच्याकडे एकच भिंत पुरेशी होते.

म्हणून एक ताकीद. मागे तार न्यायची म्हणून कुणालाही भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला किंवा खांबाला छिन्नी लावू देऊ नका. घर हादरते तेव्हा तोच पट्टा भिंती धरून ठेवतो. तार न्यायची ती खिडकीतून, झरोक्यातून किंवा दाराच्या चौकटीवरून न्यावी.

डब्याची जागा बदला

आता बिनपैशाचा उपाय. डबा टीव्हीच्या मागे, फडताळात, फ्रीजवर, लोखंडी कपाटाशेजारी किंवा मोठ्या आरशामागे ठेवू नका. आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो, तोही लहरी परतवतो. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्या लाकडी फळीवर, घराच्या शक्य तितक्या मध्यावर डबा ठेवा. मधल्या दारासमोर येईल अशी जागा सर्वांत चांगली, कारण लहरी त्या दारातून मागे शिरतात. भिंत ओलांडावीच लागत असेल तर समोरासमोर ओलांडावी. तिरकस गेले की नऊ इंचांची भिंत लहरींना बारा-चौदा इंचांची पडते.

डब्याच्या दांड्या उभ्या ठेवा. उभ्या दांडीतून लहरी चहूबाजूंना आडव्या पसरतात. दांडीचे टोक मागच्या खोलीकडे रोखले तर उलटाच परिणाम होतो, कारण टोकाच्या दिशेला जोर सर्वांत कमी. पूर्वी एकजण गच्चीवर टीव्हीची अँटेना फिरवायचा आणि खालून बाकीचे "आलं! गेलं!" असे ओरडायचे, ते आठवते ना? इथे गच्चीवर चढावे लागत नाही, पण सवाष्णीच्या ओटीसारखे सगळे नीट जागच्या जागी हवे.

डबा हलवताना फायबरची बारीक तार मुडपू नका आणि तिच्यावर खिळा ठोकू नका. आत काचेचा धागा असतो. ती तार अपुरी पडत असेल तर केबलवाल्यालाच बोलवावे.

डब्यामागे स्टीलचे ताट किंवा ॲल्युमिनियमची चांदी लावण्याची युक्ती कुणीतरी सांगेलच. ती अगदीच खोटी नाही. एका दिशेला जोर वाढतो, पण दुसऱ्या बाजूला तेवढाच घटतो. डबा घराच्या एका कोपऱ्यातच ठेवणे भाग असेल तर करून पाहावी.

लॅपटॉपकडेही लक्ष द्या

बहुतेक लॅपटॉपची अँटेना पडद्याच्या चौकटीत असते. म्हणून झाकण नीट उघडे ठेवा आणि पडद्याची पाठ लोखंडी कपाटाला लावून बसू नका. लॅपटॉप वीतभर इकडेतिकडे सरकवून पाहा. लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे एका जागी नेट मरते आणि पाच इंचांवर जिवंत असते. कामाच्या वेळी लॅपटॉप विजेवर ठेवा. बॅटरी वाचवायच्या सोयीत वायफायचाही जोर काही वेळा कमी होतो.

आता दोन नावांचा घोळ. पुष्कळ डबे दोन वायफाय दाखवतात, एकाच्या नावापुढे '५जी' असते. हे मोबाइलचे फाइव्ह-जी नव्हे. डबा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो, त्यातला हा दुसरा. ५चा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हार मानतो. २.४चा संथ, पण चिवट. डबा त्याच खोलीत असेल तर ५ वापरा. मध्ये भिंत असेल तर २.४ वापरून पाहा. मात्र २.४ला एक शत्रू आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळजवळ त्याच लहरींवर चालतो. तुमच्या बैठकीच्या वेळी जाऊबाई दूध गरम करीत असतील तर आवाज तुटेल. दहा ते साडेदहा ओव्हन बंद, एवढे घरात ठरवून घ्या. शेजाऱ्यांचे डबेही याच पट्ट्यात गर्दी करतात. त्यावर उपाय म्हणजे डब्याच्या मांडणीत जाऊन १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडणे. घरातल्या शिकत्या मुलांकडून हे दहा मिनिटांत होते.

लॅपटॉप फार जुना असून फोनला त्याच जागी नेट चांगले मिळत असेल, तर लॅपटॉपचे वायफाय दुबळे आहे. त्यासाठी यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल मिळतो. तो हात-दोन हात लांबीच्या यूएसबी तारेने दाराच्या दिशेला काढून ठेवला तर जास्त उपयोगी पडतो.

पैसे खर्चायचेच तर कुठे?

एवढे करूनही भागले नाही तर सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय म्हणजे साधी तार. डब्यातून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल टाका. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. नोकरीच्या बैठकीला तारेसारखी सोबत नाही. लॅपटॉपला केबलची खाच नसेल तर यूएसबीचा जोड मिळतो.

त्याच तारेने मागच्या खोलीत दुसरा डबा बसवला तर सगळ्यांचीच सोय होते. तारेविना चालणारा रिपीटरही बाजारात आहे, पण तो अनेकजणी जिथे नेट येत नाही तिथेच लावतात आणि मग फसलो म्हणतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? रिपीटर मध्यावर, जिथे नेट अजून बऱ्यापैकी आहे तिथे लावायचा. शिवाय साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो, हे धरून चाला.

लाइट जाण्याचे काय? डब्याला पुरणारा छोटा यूपीएस मिळतो. घेताना डब्याच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट पाहून तेवढ्याचाच घ्या. आणि अडीनडीला मोबाइल आहेच. फोन खिडकीत ठेवा, यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडा आणि त्याचे नेट वापरा. पत्र्याच्या खोलीत फोन उशाशी ठेवून हॉटस्पॉट लावण्यापेक्षा हे चांगले. मात्र मे-जूनच्या वळवात वीज कडाडू लागली की डब्याचा आणि लॅपटॉपचा प्लग भिंतीतून काढून ठेवा. काम अर्धा तास थांबले तरी चालेल.

घरातली बाजू

मैत्रिणींनो, आता शेवटचे आणि थोडे नाजूक. डबा बाहेरच्या खोलीत बसतो, कारण जोडणीवाला आला तेव्हा तिथे टीव्ही होता आणि पुरुषमंडळी बसली होती. घरातली कमावती सून किंवा अभ्यास करणारी मुलगी मागच्या खोलीत बसते, कारण पाहुण्यांसमोर तिने पसारा मांडून बसू नये असे वाटते. म्हणजे ज्याला नेटची खरी गरज त्याच्याच वाट्याला भिंत. यात कुणाचा दुष्टपणा नाही. विचारच केलेला नसतो.

म्हणून भांडू नका, वही दाखवा. टीव्हीमागे मागच्या खोलीत इतका वेग, डबा मधल्या दारावर ठेवल्यावर इतका, असे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. एक दिवस डबा हलवून पाहू या, नाही जमले तर परत ठेवू, असे म्हटले की सहसा कुणी नाही म्हणत नाही. टीव्हीलाही तिथून नेट पोचते हे दिसले की यजमानांचा आक्षेप संपतो. सासूबाईंनाही सांगा की ही काही हौस नाही, पगाराची गोष्ट आहे. आणि मधल्या दाराशी एखादे टेबल मांडून दहा ते पाच तिथे बसण्याची मोकळीक मिळाली, तर दुसरा डबाही लागणार नाही.

खर्चाचा क्रम लक्षात ठेवा: आधी मोजणे, मग डबा हलवणे, मग पट्टा बदलणे, मग तार, मग दुसरा डबा. मोठा प्लॅन सर्वांत शेवटी. करून पाहा, आणि कोणत्या पायरीवर काम झाले ते अवश्य कळवा.

पुढील अंकी: इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा.