घाम, सायकल आणि बनियन

पहिल्या पाळीसाठी पहाटे सायकलवर निघणारे आपले कितीतरी बांधव कामावर पोहोचतात तेव्हा बनियन पिळून घ्यावे इतके ओले असते. मग पंख्याखाली उभे राहिले की अंगात हुडहुडी भरते, काखेत कातडी सोलवटते. "हा टी-शर्ट घाला, घामच येणार नाही," असे दुकानदार सांगतो. तो घ्यावा काय, असे आम्हास विचारले जाते.

घाम थांबवणारे कापड नसतेच, आणि थांबवूही नये. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळला तर गारवा नाही. सुती धागा पाणी पोटात घेतो. साध्या हवेतही कोरड्या सुताच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल त्यात असते. पॉलिएस्टरमध्ये अवघी ०.४ टक्के. म्हणून खेळाच्या पॉलिएस्टर कापडात घाम धाग्यात मुरत नाही. वातीत तेल चढावे तसा तो धाग्यांमधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि सायकलवरचा वारा त्याला वाळवतो. मात्र कापड अंगाला टेकलेले हवे. ढगळ असेल तर घाम त्याच्यापर्यंत जातच नाही!

मुंबईच्या पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा तेही हळू वाळते. नागपूरच्या कोरड्या उन्हात तर ओले सुती बनियन गारवाच देते. तिथे पैसे घालवू नयेत, असे आमचे मत. शिवाय पॉलिएस्टरला वास लवकर लागतो, रोज धुणे आले. त्यापेक्षा पिशवीत एक कोरडे बनियन ठेवा आणि पोहोचताच बदला.